एस्टोनियाचं लाकूड

घोडबंदर रोडवर हल्ली इमारती इतक्या उंच झाल्यात, की खालून मजले मोजायचा नाद लहान मुलांनीही सोडलाय. त्यांतल्या एकीला इटलीतल्या कुठल्याशा गावाचं नाव आहे. दाराशी एक संगमरवरी बाई घागरीतून पाणी ओतत उभी असते, पाणी टँकरचं. तिथे बऱ्याच वर मुग्धा राहते. मुग्धा म्हणजे आमच्या वर्तक सरांची मुलगी. काकू गेल्यापासून सर तिच्याकडेच असतात.

त्या दुपारी मी गेले तेव्हा सर आत आडवे झाले होते आणि मुग्धा चहा टाकत होती. मी सहज बाल्कनीत गेले, आणि मला तो दिसला. कोपऱ्यात, मनीप्लांटच्या कुंडीखाली. वीतभर उंच, दोन पावलं मावतील एवढा, पिवळट लाकडाचा खोका. एका बाजूला काळ्या रंगात छापलेली परकी अक्षरं, अर्धी कापली गेलेली. मी कुंडी उचलून बाजूला ठेवली, चप्पल काढली, उजवा पाय खोक्यावर ठेवला आणि टाच दाबली.

कर्र.

आणि माझ्या लक्षात आलं, की मी श्वास घेतलाय. पोटापासून, खांदे न उचलता, घ्यायला शिकवला होता तसा.

"काय झालं गं ताई?" मुग्धा चहा घेऊन आली.

"काही नाही. श्वास घेतला."

"तो रोजच घेतेस ना?"

रोज घेतो तो श्वास वेगळा. हे तिला सांगून पटलं नसतं. ती सरांची मुलगी असली तरी गायला कधी उभी राहिली नाही. घरातल्या एका माणसाने तरी टाळ्या वाजवायला मोकळं असावं, असं काकू म्हणायच्या.

* * *

त्या काळी डोंबिवलीत वारा कुठून येतोय हे नाकाला कळायचं. स्टेशनकडून आला तर तळणीचा आणि मोगऱ्याचा, खाडीकडून आला तर चिखलाचा आणि सुक्या बोंबलांचा, आणि एमआयडीसीकडून आला तर कशाचा ते सांगता येत नाही. कधी कुजक्या अंड्यांचा, कधी नेलपॉलिशचा. सर तिथल्याच एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला होते. टेबलावर वाकून यंत्रांचे नकाशे काढायचे, आणि संध्याकाळी आमच्या समोरच्या बिल्डिंगमधल्या दोन खोल्यांत पेटी वाजवायचे. पेटी बरी वाजवायचे. एवढंच. त्यांच्या भजनी मंडळात त्यांच्याहून बरे वाजवणारे दोघे होते.

मग कारखान्यात एक मोठं यंत्र आलं, आणि यंत्राबरोबर ते बसवायला यान आला.

यान उंच होता, त्याचं नाक कायम सोललेलं असे, आणि त्याला कुणी 'रशियन' म्हटलं की तो हातातलं काम थांबवून, अगदी सौम्यपणे, "एस्टोनिया" म्हणायचा. नकाशात तेव्हा तो देश वेगळा दाखवत नसत. आम्ही शाळेच्या ॲटलासमध्ये शोधला, नाही सापडला. माझ्या वडिलांचं मत पडलं, की हा माणूस थापाड्या आहे. पण थापा मारणारा माणूस इतकं पिठलं खात नाही. काकूंचं पिठलं-भात त्याला असा काही आवडला होता, की कंपनीच्या गेस्टहाउसमधलं सूप टाकून तो आठवड्यातून दोनदा तरी सरांकडे जेवायला यायचा. सरांचं आणि त्याचं इंग्रजी सारखंच मोडकं होतं, त्यामुळे दोघांचं फार छान जमायचं. मी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षाला होते आणि अभ्यासाला म्हणून त्यांच्या गॅलरीत बसायचे. अभ्यास सोडून सगळं ऐकायचे.

यान सांगायचा ते त्याच्या वडिलांबद्दल. ते समुद्राकाठच्या एका खेड्यात चर्चमध्ये वाजवायचे आणि गावाच्या गायकवृंदासाठी गाणी रचायचे. बुटके होते. मागच्या रांगेला दिसावेत म्हणून सफरचंदाच्या खोक्यावर उभे राहून हात करायचे. आमच्याकडे तेव्हा कंडक्टर म्हणजे एसटीच्या खोपट डेपोतला, तिकिटाची पेटी खुळखुळवणारा. गाण्याला कंडक्टर कशाला, असं काकूंनी विचारलं. यान म्हणाला, गाणारे शंभर असतील आणि पेटी-तबला काहीच नसेल, तर सुरुवात कुणी करायची? त्याच्या देशात दर काही वर्षांनी हजारो माणसं एका माळावर उभी राहून एकदम गातात, असंही तो म्हणाला. माझे वडील म्हणाले, बघ, सांगितलं नव्हतं?

एके दिवशी यानच्या वडिलांना सरकारी माणसांनी उचलून नेलं. का, ते यानने सांगितलं नाही. त्याने फक्त हातातला स्टीलचा पेला गोल गोल फिरवला. काही वर्षांनी ते परत आले तेव्हा उजव्या हाताची बोटं थंडीने आखडून गेली होती. गावाने त्यांचा खोका कुणाच्या तरी गोठ्यात जपून ठेवला होता. ते त्यावर उभे राहिले, हात उचलला, आणि बोटं काही बोलेनात. तर त्यांनी नुसता श्वास घेतला. एवढा मोठा, की सगळ्यांना दिसला. आणि सगळे बरोबर सुरू झाले.

"गाणारा हाताकडे बघत नाही," यान म्हणाला. "श्वासाकडे बघतो."

हे सांगून झाल्यावर तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून वडिलांच्या एका गाण्याची खालची ओळ गुणगुणला. भाषेचा एक शब्द कळला नाही. मग त्याने सरांना एक सूर दिला, काकूंना पोळी लाटता लाटता दुसरा दिला, आणि कंपनीच्या स्टोअरमधले भोईर सरांची छत्री परत करायला आले होते, त्यांना आपल्याही खाली, अगदी तळाला घेतलं. भोईर तिथल्याच गावठाणातले, बापजाद्यांची मिठागरं. त्यांचा आवाज असा, की त्यांनी गल्लीत नुसतं खाकरलं तरी रिक्षा बाजूला व्हायच्या. चौघांनी चार वेगळे सूर एकदम लावले, आणि मांडणीवरची स्टीलची ताटं वाजायला लागली.

खरंच वाजली. झिण्ण करून. काकूंनी लाटणं हातात तसंच धरलं. भोईर म्हणाले, "आयला, ह्ये कोन बोलतंय पाठी?"

त्या ताटांनी सरांचं जे काय केलं ते पुढे कायम राहिलं. यान यंत्र बसवून गेला. नंतर त्याची एकदोन कार्डं आली. मग नकाशात त्याच्या देशाला वेगळा रंग मिळाला आणि कार्डं थांबली. यंत्र ज्या भल्या मोठ्या पेट्यांतून आलं होतं त्यांच्या फळ्या कारखान्याच्या आवारात पडून होत्या. सरांनी साहेबाला विचारून दोन फळ्या घेतल्या आणि कंपनीतल्या सुताराकडून एक खोका करून घेतला. वास्तविक सर चांगले उंच होते. त्यांना खोक्याची गरज नव्हती.

* * *

आमचा वृंद शनिवारी संध्याकाळी नगरपालिकेच्या शाळेत, चित्रकलेच्या वर्गात जमायचा. त्या वर्गाला डिंकाचा, ओल्या खडूंचा आणि उंदरांचा वास होता. सुरुवातीला यायचे ते भजनी मंडळातले. त्यांना चार सुरांत गायचं म्हणजे चार दिशांना तोंड करून जेवल्यासारखं वाटायचं. आपल्या कानांना एकाच सुरात मिसळायची सवय. शेजारचा वेगळं गातोय म्हणजे तो चुकतोय, आणि त्याला सांभाळून घेणं हे आपलं कर्तव्य, अशी सगळ्यांची प्रामाणिक समजूत. त्यामुळे पहिले दोन महिने चार ओळींनी निघालेलं गाणं तिसऱ्या शब्दापर्यंत प्रेमाने एक व्हायचं.

सरांनी यावर तोड काढली. ते म्हणाले, आपण चार मजल्यांची बिल्डिंग आहोत. जाड आवाजाचे पुरुष तळमजला, म्हणजे पहिला. बारीक आवाजाचे दुसरा मजला. बायकांत खालच्या आवाजाच्या तिसरा. आणि सगळ्यांत वरच्या, त्या गच्ची. आपापल्या मजल्यावर राहायचं, शेजाऱ्याकडे साखर मागायला जायचं नाही. हे सगळ्यांना कळलं, कारण सगळे अशाच बिल्डिंगांत राहत होते, आणि लिफ्ट कुणाकडेच नव्हती. भोईर तळमजला झाले. माझी मैत्रीण कुंदा गच्ची झाली. तिला ते नाव आवडलं, कारण तिथे वारा असतो. मला तिसरा मजला मिळाला. तिसरा मजला म्हणजे न पावसाळ्यात गळणारा, न लोकांच्या नजरेत भरणारा. चाल कधी आमच्या वाट्याला आली नाही. पण आम्ही गप्प राहिलो की गाण्याला भोक पडल्यासारखं वाटतं, असं सर म्हणायचे, आणि त्यावर आम्ही वर्षानुवर्षं खूश होतो.

गायच्या आधी काकू डबा फिरवायच्या. प्रत्येकाला एक खडीसाखरेचा खडा आणि एक मिरी. ती दाढेखाली धरून सर्वांनी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं.

"दीर्घ श्वास घ्या," सर म्हणायचे.

"सर, वारा कंपनीकडून येतोय."

"मग अर्धा घ्या."

खिडकी लावायला सर खोक्यावर चढायचे, कारण ती कडी फार वर होती; तोवर आमची बडबड चालूच असायची. मग खाली उतरून, खोका मधोमध सरकवून, पुन्हा त्यावर उभे राहायचे. हात वर. क्षणभर सगळं शांत. आणि आम्ही सुरू. आमची सुरुवात इतकी एकजीव होती, की वर्गाबाहेरून जाणारे थांबायचे. सरांना त्याचा अभिमान होता. ते म्हणायचे, बघा, हातावर किती लक्ष आहे यांचं.

त्याच वर्गात सरांनी त्यांचं पहिलं, आणि माझ्या मते एकमेव चांगलं, गाणं रचलं. 'भरती'. बाकीची त्यांची गाणी राष्ट्र, पर्यावरण आणि साक्षरता यांवर होती, ती आपण सोडून देऊ. 'भरती'चे शब्द काकूंचे. त्या खाडीकाठच्या गावातल्या. कवयित्री वगैरे मुळीच नव्हत्या. एकदा भोईरांशी मिठागरांबद्दल बोलत होत्या, पाणी कसं घेतात, कसं कोंडतात, आणि बोलता बोलता वाणसामानाच्या पुडीच्या कागदावर त्यांनी चार ओळी लिहिल्या.

भरती आली, भरती आली, उंबऱ्याशी गं खाडी आली
मिठागराच्या आरशामध्ये आभाळाची साडी आली
आली तशी ती जाईल बाई
ओल तेवढी राहील

पेटी नाही, तबला नाही, आधी आलाप नाही. शांततेतून एकदम चारी मजल्यांचा 'भ'. म्हणजे सुरुवात जमली तर गाणं, नाही तर काहीच नाही. आम्हाला ती दर शनिवारी जमत होती.

* * *

पुढे ठाण्यात समूहगानाची एक मोठी स्पर्धा झाली. मोठं सभागृह, लाल पडदा, रांगेत बसलेले पाहुणे, आणि प्रत्येक पाहुण्याची ओळख करून द्यायला आणखी एक पाहुणा. आम्ही टेम्पो करून गेलो. सरांच्या मांडीवर खोका. विंगेतच एका सफारीवाल्या गृहस्थांनी तो अडवला.

"हे काय?"

"मी यावर उभा राहतो," सर म्हणाले.

"छे छे, असलं काही रंगमंचावर शोभत नाही. आपण खास चौथरा केलाय."

चौथरा खरोखर खास होता. त्याला मखमल होती, पितळी कठडा होता, आणि तो इतका भक्कम होता की त्यावरून भाषण केलं असतं तर खोटंही खरं वाटलं असतं. सर त्यावर उभे राहिले. पहिल्या रांगेत काकू नव्या पातळात बसल्या होत्या, मांडीवर खडीसाखरेचा डबा. सरांनी हात वर केले. क्षणभर सगळं शांत. सरांनी हात खाली आणले.

सगळं शांतच.

मला आजही आठवतं, त्या हाताकडे मी डोळे फाडून बघत होते आणि मनात म्हणत होते, सर कधी सुरू करणार? सरांनी पुन्हा हात उचलले. या वेळी भोईर अर्धे सुरू झाले आणि थांबले, कुंदा त्यांना साथ द्यायला धावली, मागून दुसरा मजला आला, आणि भरती न येता चार वेगवेगळे ओहोळ आले. पडदा पडला. निकालाच्या भाषणात परीक्षक फार सहानुभूतीने म्हणाले, की वाद्यवृंद वेळेवर न पोचल्याने डोंबिवलीच्या संघाची गैरसोय झाली असावी.

टेम्पोने परत निघालो. काकूंनी डबा फिरवला, तो कुणी घेतला नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच तीन-चार मिऱ्या तोंडात टाकल्या आणि ठसका लागेपर्यंत चावल्या.

पुढच्या शनिवारी आम्ही वर्गात गेलो ते कोर्टात जावं तसे. वारा नेमका कंपनीकडून सुटला होता. सरांनी खोका खिडकीपाशी नेला, आमच्याकडे पाठ करून त्यावर चढले, कडीला हात पोचवायला टाचा उचलल्या.

कर्र.

"भरती आली!" आम्ही सगळे. चारी मजले. अंगावर काटा येईल इतके बरोबर. सर खिडकीची कडी धरून तसेच लोंबकळत राहिले, आणि आम्हाला थांबायचं कुणी सांगितलं नव्हतं म्हणून आम्ही पहिली ओळ पूर्ण म्हटली.

सर हळूच टाचा टेकून उतरले. त्यांनी पायाने खोका दाबून पाहिला. कर्र. अख्खा वर्ग श्वास घेऊन तयार.

इतकी वर्षं आम्ही त्यांच्या हाताकडे बघत होतो, पण ऐकत होतो तो खोका. हात उचलताना त्यांच्या टाचा उचलल्या जायच्या, फळी बोलायची, आणि आम्ही निघायचो. हे त्यांना माहीत नव्हतं, आम्हाला माहीत नव्हतं. फक्त त्या लाकडाला माहीत होतं. सर खोक्यावर बसले आणि इतके हसले, की त्यांचा चष्मा पडला. "म्हणजे डायरेक्टर हा," ते खोक्यावर थाप मारून म्हणाले. "मी नुसता वर उभा असतो."

"एस्टोनियाचा हाय तो," भोईर म्हणाले. "त्यांच्याकडची वस्तूच भारी."

हसण्यावारी गेलं, पण 'भरती' नंतर हॉलमध्ये झाली नाही. नेमकं का, ते सांगता येत नाही. कुंदाचं लग्न ठरलं. कुणाची बदली झाली. कारखान्याच्या गेटला कुलूप लागलं. शाळेने चित्रकलेच्या वर्गात संगणक ठेवले आणि दाराला जाळी बसवली. एकेका मजल्यावरचे दिवे गेले. काकूंनी आपल्या चार ओळी चित्रकलेच्या वर्गाबाहेर कधीच ऐकल्या नाहीत. त्यांनी तसं कधी बोलूनही दाखवलं नाही. खडीसाखरेचा डबा मात्र शेवटपर्यंत भरलेला असायचा.

* * *

चहा निवत आला तेव्हा सर बाहेर आले. खुर्चीत बसताना त्यांनी दोन्ही हातांवर भार घेतला, आणि उजवा गुडघा काडी मोडल्यासारखा वाजला.

"ऐकलंस ना ताई? डॉक्टर म्हणतात, बदलून घ्या. तारीख द्यायला तयार आहेत. हे ऐकतच नाहीत."

"बघू," सर म्हणाले. त्यांचा उजवा हात आता थरथरतो. चहाचा कप ते डाव्या हाताने धरतात. "तिसरा मजला, तू खोक्यावर पाय दिलास ना? मी आतून ऐकलं."

डोंबिवलीतली एक संस्था सरांचा सत्कार करणार होती. शाल, श्रीफळ, मानपत्र, आणि पाच वक्ते. सरांनी अट घातली होती: वक्ते हवे तेवढे बोलवा, पण शेवटी माझी माणसं 'भरती' म्हणतील.

"एकदा हॉलमध्ये होऊ दे," ते मला म्हणाले. "तिचे शब्द आहेत." आणि मग, हाताकडे बघत, "या हाताचं काही खरं नाही. पण खोका आहे."

माणसं गोळा करायचं काम कुंदाने अंगावर घेतलं. ती आता टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये राहते. "माझ्याकडे करू ना तालीम," ती फोनवर म्हणाली. "गच्ची आहे. टाकीचं पाणी बघायला येणाऱ्या वॉचमनशिवाय वर कुणी येत नाही."

"म्हणजे शेवटी तू गच्चीतच."

"मग? तू अजून तिसऱ्यावरच ना?"

मी खोका रिक्षात मांडीवर घेऊन जायचे. भोईर काका नातवाच्या मोठ्या गाडीतून यायचे. त्यांच्या शेताच्या जागी आता सात मजले आहेत, पण ते स्वतः तळमजल्यावरच राहतात. "मना वर झोप नाय लागत," म्हणतात. आम्ही चाळीस होतो, सोळा उरलो. कुणाच्या कवळीतून शिट्टी यायची, कुणाला दम लागायचा. सर खुर्चीत बसून पायाखाली खोका घ्यायचे. हात उचलले की ते वाऱ्यावरच्या पानासारखे हलायचे. सोळा जणांना सोळा वेगवेगळे ठोके दिसायचे. पण टाच दाबली की कर्र. आणि टिटवाळ्याच्या त्या गच्चीवर, वाळत घातलेल्या चादरींच्या मध्ये, आम्ही एका माणसासारखे निघायचो. मी खडीसाखर आणि मिरी नेली होती. कुंदाने तोंडात टाकली आणि पाठ फिरवून चादरींची टोकं नीट करत राहिली.

शेवटच्या तालमीनंतर सरांना न्यायला आलेले मुग्धाचे यजमान शिरीष खोका उचलून म्हणाले, "मी आणतो हॉलवर. तुम्ही काळजी करू नका."

शिरीष हा अत्यंत सज्जन माणूस आहे. पुढे जे झालं ते त्यामुळेच.

* * *

सत्काराच्या दिवशी पाचही वक्ते बोलले. एकाने सरांना महर्षी म्हटलं, दुसऱ्याने ते कमी वाटून दीपस्तंभ म्हटलं. निवेदिकेने सरांच्या कॉलरला छोटा माईक लावला, त्यात सर "आभारी आहे" एवढं बोलले आणि सभा थोडी हिरमुसली. मग आम्ही रांगा केल्या. सरांची खुर्ची आमच्यासमोर आली. आणि शिरीष मखमलीच्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन, लाजत लाजत, स्टेजवर आले.

कापड दूर झालं. खोका आरशासारखा चमकत होता. फळ्या घासून घेतल्या होत्या, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या होत्या, वर सरांच्या नावाची पाटी होती. परकी अक्षरं पॉलिशखाली गेली होती. टाळ्या झाल्या. मी कुंदाकडे पाहिलं, कुंदाने माझ्याकडे. भोईर काकांनी डोळे मिटले.

सरांनी पाय ठेवला. हात उचलले. टाच दाबली.

काही नाही.

त्यांनी खाली वाकून पाहिलं. पॉलिशमध्ये त्यांना बहुतेक स्वतःचाच चेहरा दिसला असेल. पुन्हा टाच दाबली. सुताराने काम चोख केलं होतं.

"बोलत नाय तो," भोईर काका ओठांतल्या ओठांत म्हणाले. "खिळं मारलंत."

"सर भावुक झाले आहेत," निवेदिका म्हणाली. "एक जोरदार टाळी!"

टाळी झाली, विरली. सर हात वर धरून बसले होते, आणि मला ठाण्याचा तो लाल पडदा हळूहळू खाली येताना दिसायला लागला. पहिल्या रांगेत मुग्धा बसली होती. तिच्या शेजारची खुर्ची तिने पर्स ठेवून अडवली होती, आणि पर्सवर तो डबा होता.

सरांनी हात खाली घेतले. आमच्याकडे एकदा पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वर्गात हजेरी घ्यावी तसं. मग त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले. ते उठत होते. का उठतायत ते मला कळलं: बसलेल्या माणसाचा श्वास मागच्या रांगेला दिसत नाही. शिरीष आधार द्यायला पुढे झाले. सरांनी मानेनेच नको म्हटलं. अर्धे उठले. छाती भरायला लागली. पूर्ण उठले.

कट्.

कॉलरच्या माईकमधून, सभागृहाच्या सगळ्या स्पीकरांतून, उजव्या गुडघ्याने ठोका दिला.

"भरती आली!"

चारी मजले. चाळीस नाही, सोळा. पण सगळे एका क्षणाला, एकाही माणसाने अलीकडे पलीकडे न होता. सर दचकले, एकदाच. मग हसले, आणि थरथरणारा हात तसाच थरथरत उचलून त्यांनी आम्हाला पुढे नेलं. उंबऱ्याशी खाडी आली. मिठागरात आभाळ उतरलं. कुंदाचा वरचा सूर थोडा चिरला, तिने तो तसाच पुढे रेटला. आम्ही तिसऱ्या मजल्यावाल्या जिथे कायम असतो तिथे होतो. शेवटच्या ओळीला सगळे थांबतात आणि तळमजला एकटा राहतो, 'राहील' या शब्दावर. भोईर काकांनी तो इतका वेळ धरला, की स्टेजवरच्या टेबलावरचे पाण्याचे पेले झिण्ण करायला लागले. पाचही वक्त्यांनी दचकून पेल्यांकडे पाहिलं.

मुग्धाने डबा उघडला आणि एक मिरी तोंडात टाकली.

* * *

परवा आम्ही तिघं, मी, कुंदा आणि भोईर काका, घोडबंदरला सरांना भेटून आलो. खोका हॉलमध्ये शोकेसपाशी ठेवलाय. मनीप्लांट जमिनीवर आलाय. शिरीषनी फार वेळा माफी मागितली. सुताराला बोलावून खिळे काढून घेऊ म्हणाले. सर नको म्हणाले. "छान दिसतोय. इतकी वर्षं काम केलं त्याने, आता रिटायर होऊ दे."

"आणि बाबा, गुडघ्याची तारीख?" मुग्धाने आमच्यादेखत विचारलं, म्हणजे आम्ही तिच्या बाजूने बोलू.

मी आणि कुंदा शोकेसकडे बघायला लागलो. भोईर काका खिडकीतून टॉवर मोजायला लागले.

निघायला झालं. भर दुपार होती. शेजारच्या फ्लॅटच्या दारावर 'बाळ झोपलंय, बेल वाजवू नये' अशी चिठ्ठी होती. लिफ्ट आली. आम्ही आत शिरलो, आणि आम्हाला हात करायला म्हणून सर खुर्चीतून उठले.

कट्.

"नाही हं!" मुग्धा ओरडली. "काका, प्लीज, सोसायटीचा ग्रुप पेटेल..."

पण श्वास घेऊन झाला होता.